वऱ्हाडाचे उत्सवी वर्ष

मुंबई-हावडा लोहमार्गावर बडनेरा हे जंक्शन आहे. अमरावतीला जाणारा बाहेरगावचा माणूस बहुधा येथेच उतरतो आणि ऑटो किंवा एसटीने पुढचे आठ-दहा किलोमीटर गाठतो. नवरात्रात मात्र हाच रस्ता पहाटे चालणाऱ्यांचा होतो. नवीवस्ती आणि जुनीवस्तीतली तरुण मुले-मुली, बायाबापड्या, नोकरीवर जाण्याआधी दर्शन उरकणारे लोक अनवाणी अमरावतीकडे निघतात. राजकमल चौकातून गांधी चौकाकडे वळले की दोन्ही बाजूंनी दुकाने लागतात आणि गर्दीच माणसाला अंबादेवीच्या दारापर्यंत घेऊन जाते.

अंबादेवी आणि शेजारची एकवीरादेवी ही अमरावतीची दोन जुनी देवस्थाने. विदर्भराजाची मुलगी रुक्मिणी लग्नाआधी कुलदेवीच्या दर्शनाला येथे आली आणि येथूनच कृष्णाने तिला नेले, अशी या भागाची श्रद्धा. अंबादेवीच्या देवळातून रुक्मिणीच्या माहेरापर्यंत, म्हणजे वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरापर्यंत भुयार होते, अशी दंतकथाही म्हातारी माणसे सांगतात. भुयाराचे काही असो, अमरावती आणि कौंडण्यपूर यांचे उत्सव एकाच कथेने जोडलेले आहेत हे खरे.

या देवळाच्या इतिहासातले एक पान यात्रेच्या झगमगाटात सहसा कुणी उलगडत नाही. महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. या दोहोंच्या मध्ये अमरावतीचा अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा येतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ज्या देवीला सारे गाव आई म्हणते, तिच्या गाभाऱ्यापाशी काही लेकरांनाच मज्जाव का, हा त्या परिषदेपुढचा प्रश्न होता. विलायतेतून शिकून आलेले तरुण डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. आज नवरात्रात जी सरमिसळ गर्दी दिसते तिच्यामागे तो झगडा आहे. यात्रेच्या माहितीपत्रकात त्याला जागा मिळायलाच हवी.

दसऱ्याला देवींच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात. बडनेरा रोडवरच्या दसरा मैदानावर त्या दिवशी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले-मुली मल्लखांब, लेझीम आणि इतर प्रात्यक्षिके दाखवतात. हे मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार जगापुढे मांडले. तेव्हा अमरावतीकर दसरा पाहायला जातो तो सोने लुटण्यासाठी आणि आपल्या आखाड्यातली पोरे पाहण्यासाठीही.

कोजागिरी झाली की लोकांची पावले गुरुकुंज मोझरीकडे वळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी यावलीचा. मोझरीला त्यांनी १९३५ मध्ये आश्रम उभारला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी तेथेच देह ठेवला. ती तिथी आश्विन वद्य पंचमी. दरवर्षी या सुमारास गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या दिंड्या भगव्या टोप्या घालून, खंजिरी वाजवत येतात. शेवटी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. क्षणापूर्वीपर्यंत भजनाने दणाणणारा लाखोंचा जमाव जागच्या जागी स्तब्ध होतो आणि त्यानंतर सर्वधर्म प्रार्थना म्हटली जाते. महाराष्ट्रात मोठमोठ्या यात्रा पुष्कळ आहेत, पण शांततेसाठी एवढी माणसे एकत्र येण्याचा असा सोहळा विरळाच.

थंडी पडली, कापूस घरात आला, हाती थोडा पैसा आला की वऱ्हाडाला बहिरमची ओढ लागते. चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमबुवाचे ठाणे आहे. २० डिसेंबरच्या सुमारास सुरू झालेली ही यात्रा जानेवारी संपेपर्यंत चालते. इतक्या दिवसांची यात्रा असल्याने लोक राहुट्या ठोकून मुक्कामालाच येतात. घरोघरची नाती येथे ताजी होतात, सोयरिकी जुळतात, शेतीची अवजारे आणि घोंगड्या विकल्या जातात. पूर्वी तमाशाचे फडही गाजत.

पण बहिरम म्हटले की जिभेला आठवतात ते रोडगे. कणकेचे गोळे थर देऊन वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वरची राख झटकायची आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत खायचे. मातीच्या हंडीत शिजलेल्या मटणाचे चाहते तर दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात. हंडीचे मटण हॉटेलांत मिळू लागले आहे, पण उघड्यावर, गोवऱ्यांच्या धुरात, चार घरची माणसे एका पंगतीला बसल्याशिवाय त्याला बहिरमची चव येत नाही.

या यात्रेत एके काळी नवसाचे बकरे कापले जात. त्याविरुद्ध गाडगेबाबा उभे राहिले. शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव, जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे ते वाढले, म्हणजे बहिरमचा नवस आणि त्यापायी होणारे कर्ज त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. यात्रेत जायचे, आधी खराट्याने जागा झाडायची आणि संध्याकाळी कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. देव प्राण्याचा जीव मागतो का, हा प्रश्न त्यांनी यात्रेकरूंच्या गळी उतरवला आणि नवसाचा बळी बंद पडला. यात्रा मात्र मोडली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे आणि पुण्यतिथीला तेथे मोठा महोत्सव होतो. म्हणजे ज्या दिवसांत बहिरमची जत्रा उभी राहते, त्याच दिवसांत तिला वळण लावणाऱ्या माणसाचे स्मरण होते. वऱ्हाडच्या उत्सवांचा स्वभाव यातून नेमका कळतो. येथे उत्सवाशी भांडणाऱ्यालाही लोकांनी उत्सवात मानाची जागा दिली.

माघ वद्य सप्तमीला बडनेऱ्याच्या फलाटावर शेगावची गर्दी उसळते. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले, त्या दिवसाचा हा प्रकटदिन. होळीला मेळघाटातले कोरकू दूरच्या कामांवरून घरी परततात, ढोल-बासरीवर नाच रंगतो आणि रस्त्याने जाणाऱ्यांकडून फगवा मागितला जातो. पुढे जेठाच्या उन्हात कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरीला निघते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. माहेरची पालखी सासरी जाते, म्हणून तिचे अप्रूप वेगळे. ज्यांना चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी आषाढीला अमरावतीहून पंढरपूरला विशेष गाड्या सुटतात आणि त्या दिवशी बडनेरा स्टेशनावर टाळांचा आवाज ऐकू येतो.

अकोल्याचा मोठा दिवस श्रावणातला. शेवटच्या सोमवारी ग्रामदैवत राजराजेश्वराला पूर्णेचे पाणी घालण्यासाठी शिवभक्तांची मंडळे आदल्या रात्री गांधीग्रामला जातात आणि सुमारे अठरा किलोमीटरची वाट खांद्यावर कावड घेऊन तुडवतात. १९४४ च्या सुमारास पावसाने ओढ दिली तेव्हा काही भाविकांनी पायी जाऊन पाणी आणले, तेथून ही प्रथा पडली असे अकोलेकर सांगतात. आता लांबच लांब बल्ल्यांना पाण्याची भरणी बांधून मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या कावडी येतात आणि कुणाची किती भरण्यांची याची चर्चा आठवडाभर चालते. इटलीतल्या सिएना शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला ‘पालिओ’ नावाची घोड्यांची शर्यत होते. शहराच्या सतरा मोहल्ल्यांपैकी दहा एका वेळी आपापली निशाणे घेऊन तिच्यात ईर्ष्येने उतरतात आणि त्या ईर्ष्येतूनच तो उत्सव शतकानुशतके टिकला. अकोल्याच्या कावडीतही मोहल्ल्याचा अभिमान तेवढाच प्रखर आहे. फक्त डीजेच्या भिंतींनी ढोल-ताशा गिळून टाकू नये, एवढी काळजी मंडळांनी घ्यायला हवी.

या सगळ्या उत्सवांमागे कुणी ना कुणी उभे आहे. अंबादेवीला संस्थान आहे, मोझरीला सेवा मंडळ आहे, कावडीला मोहल्ले आहेत. भुलाबाईला मात्र कुणी नाही. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, तशी वऱ्हाडात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलाबाई-भुलोजींची जोडी घरात बसवायची, संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची आणि डब्यातला खाऊ ओळखल्याशिवाय घ्यायचा नाही. गाण्यांत सासर असते, माहेर असते, बाईच्या मनातले जे एरवी बोलता येत नाही ते सारे असते. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाई बसवतात. वावरात सोयाबीन आले आणि ज्वारी घटली, तसे बडनेऱ्यासारख्या गावात धांडे शोधत फिरावे लागते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत मुलींची संध्याकाळही गेली. काही महिला मंडळे भुलाबाईच्या स्पर्धा घेतात, ते चांगलेच. पण स्पर्धेत पाच-सहा ठरलेली गाणी म्हटली जातात आणि एकेका गावाची वेगळी चाल, वेगळे कडवे मागे पडते.

अंबादेवीचे दार उघडायला परिषद भरवावी लागली, बहिरमचा बळी थांबवायला गाडगेबाबांना खराटा घेऊन जावे लागले. भुलाबाईसाठी एवढे कष्ट नकोत. घरात आजी किंवा मावशी असेल तर येत्या कोजागिरीआधी तिच्याजवळ बसावे, मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करावे आणि तिला आठवतील तेवढी गाणी चालीसकट म्हणवून घ्यावीत. गावाचे आणि गाणाऱ्या बाईचे नाव सोबत लिहून ठेवायला मात्र विसरू नये.