खापराच्या पाठीवरचा आकडा

खडकीच्या बाजूने होळकर पूल ओलांडला की मुळेपलीकडे डेक्कन कॉलेज. तिथे विद्यार्थिनी म्हणून मी पहिलं काम शिकले ते खापरं धुण्याचं. घमेल्यात पाणी, हातात मऊ ब्रश. रंगकाम असलेलं खापर घासायचं नाही, नुसती माती सैल करायची. मग सावलीत सुकवून आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहायचं: गाव, ट्रेंच, थर. जोर्वे संस्कृतीचं खापर हातात आलं की कळतं. लाल अंगावर काळ्या रेघा, आणि नखाने टिचकी मारली तर धातूसारखं खणखणतं.

या लिहिण्याचा मला कंटाळा यायचा. इनामगावची हकीकत नीट समजली आणि तो गेला.

शिरूर तालुक्यातलं हे घोड नदीकाठचं गाव. डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सुमारे 3000 वर्षांपूर्वी, जोर्वे संस्कृतीच्या काळात, तिथे मोठ्या माणसांना आडवं पुरत, बहुधा घोट्याखाली पावलं तोडून. लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पावलं शाबूत. रांजण वस्तीच्या मध्यावर, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. घराला लागून धान्याचं कोठार. हा गावाचा प्रमुख असावा, असं अभ्यासक म्हणतात. त्याचं नाव कळणार नाही, कारण तिथे लिपीच नव्हती.

इजिप्तच्या इरी-होरचं याच्या उलट. नार्मर राजाच्याही आधीचा हा राजा. अबायडॉसच्या मडक्यांवर कोरलेला ससाणा आणि त्याखाली तोंड, ही त्याची खूण. असा राजा होता का, यावर वाद होता. 1980च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या थडग्यांत पुन्हा काम केलं, तेव्हा बहुतेकांची शंका फिटली. तिथे नाव उरलं, माणूस नाही. इनामगावात माणूस उरला, नाव नाही.

दोघेही ओळखू आले ते वस्तू सापडल्या त्या जागेमुळे. तोच रांजण नांगराला लागून वर आला असता, तर घर गेलं असतं, कोठार गेलं असतं आणि प्रमुखही गेला असता. म्हणून आता थराचा आकडा लिहिताना मी घाई करत नाही. शाई वाळेपर्यंत खापर हातात धरते, मगच पुढचं उचलते.