तर्कशास्त्राचे ऋण

संगणकाची कुळकथा सांगताना सतराव्या शतकातील पास्कालच्या बेरजेच्या यंत्रापासून प्रारंभ करण्याची रीत आहे, आणि जमाखर्चाची आकडेमोड लवकर व बिनचूक व्हावी ही निकड या इतिहासात मोठीच असल्यामुळे ती रीत निराधार म्हणता येत नाही. परंतु बेरजेचे यंत्र नेमून दिलेले एकच काम जन्मभर करते, तर संगणक निःसंदिग्ध नियमांत मांडून दिलेले कोणतेही काम करू शकतो, आणि हे सामर्थ्य त्याला, ज्यांच्या विद्येचा व्यवहाराला काडीचाही उपयोग नाही असे लोक शतकानुशतके समजत आले, त्या तर्कशास्त्रज्ञांकडून लाभले आहे. त्यातही विलक्षण गोष्ट ही की, संगणकाची मूळ कल्पना तर्कशास्त्राच्या एका भव्य मनोरथाचा भंग होत असताना जन्मास आली. आणि तो प्रसंग समजून घेतल्याखेरीज या यंत्राच्या सामर्थ्याचा किंवा मर्यादेचा नीट उलगडा होत नाही.

पाश्चात्त्य तर्कशास्त्राचा पाया ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) घातला. सर्व अ हे ब असतील आणि सर्व ब हे क असतील, तर सर्व अ हे क असलेच पाहिजेत, असे म्हणताना त्याने मनुष्य, अश्व, देव या नामांच्या जागी अक्षरे योजली, आणि त्या एका कृतीने अनुमानाचा आकार त्याच्या आशयापासून विलग झाला. अ म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही निष्कर्ष बरोबर की चूक हे सांगता येऊ लागले. आपल्याकडील न्यायदर्शनाने निराळा मार्ग धरला. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांच्या त्याच्या अनुमानात, पर्वतावरील धुरावरून तेथे अग्नी असल्याचे सिद्ध करताना स्वयंपाकघरातील चुलीचा दाखला द्यावा लागतो. कारण केवळ निष्कर्षाची संगती तपासून नैयायिकांचे समाधान होत नव्हते, तर मिळालेले ज्ञान यथार्थ आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न तोलामोलाचे आहेत. मात्र यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला केवळ आकार हाताळता येतो. म्हणून यंत्राकडे जाणारी वाट ॲरिस्टॉटलच्या दारातून निघाली.

या वाटेवर दूरवर दृष्टी टाकणारा पहिला पुरुष म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स (१६४६–१७१६). सर्व विचारांसाठी एक चिन्हभाषा निर्माण करावी, त्या चिन्हांच्या गणिताचे नियम ठरवावे, आणि मग पंडितांमध्ये मतभेद झाला असता त्यांनी हमरीतुमरीवर न येता लेखणी घेऊन हिशेबास बसावे व फैसला करून घ्यावा, असे त्याचे स्वप्न होते. केवळ ० आणि १ या दोन अंकांनी सर्व संख्या लिहिण्याच्या द्विमान पद्धतीवरील त्याचा निबंधही १७०३ चा आहे. परंतु तर्काचे गणित आणि दोन अंकांची संख्यापद्धती यांचा संयोग व्हावयास आणखी दोन शतके जावी लागली, आणि त्याचे तर्कविषयक बहुतेक लेखन तर त्याच्या हयातीत अप्रकाशित दप्तरातच पडून राहिले.

तर्काला बीजगणिताचे रूप दिले ते जॉर्ज बूलने (१८१५–१८६४). इंग्लंडातील लिंकन येथील एका चांभाराच्या या मुलाने विद्यापीठाचे तोंड न पाहता गणित आत्मसात केले, पोटासाठी शाळा चालवली, आणि १८४९ मध्ये तो आयर्लंडातील कॉर्क येथे प्राध्यापक झाला. १८४७ मधील छोट्या पुस्तकात आणि १८५४ मधील मोठ्या ग्रंथात त्याने मांडलेली कल्पना दिसायला साधी आहे. ‘पांढऱ्या वस्तू’ यांना एक अक्षर द्यावे, ‘घोडे’ यांना दुसरे, म्हणजे दोहोंचा गुणाकार ‘पांढरे घोडे’ होतो. आता ‘पांढऱ्या वस्तूंतील पांढऱ्या वस्तू’ म्हणजे पुन्हा पांढऱ्या वस्तूच, तेव्हा या बीजगणितात कोणत्याही अक्षराचा वर्ग त्या अक्षराएवढाच असला पाहिजे. सामान्य अंकगणितात हा नियम दोनच संख्यांना लागू पडतो, शून्याला आणि एकाला. म्हणून एक म्हणजे सत्य, शून्य म्हणजे असत्य असे धरले की विधानांचे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे सर्व व्यवहार त्या दोन अंकांत बसतात. त्याच १८४७ साली ऑगस्टस डी मॉर्गन या मदुराईत जन्मलेल्या इंग्रज गणितज्ञाचाही तर्कशास्त्रावरील ग्रंथ निघाला, आणि त्याच्या नावाचे दोन नियम आजही प्रत्येक संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास शिकावे लागतात.

यानंतर तर्कशास्त्राची आकांक्षा वाढली. फ्रेगेने १८७९ मध्ये ‘सर्व’ आणि ‘काही’ यांनाही चिन्हांच्या कक्षेत आणले व पुढे सगळे अंकगणित तर्कातून निष्पन्न करण्याचा घाट घातला. १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेलने एका पत्राने त्याच्या इमारतीच्या पायातील विसंगती त्याला दाखवून दिली, आणि तो पाया पुन्हा घालण्यासाठी रसेल व व्हाइटहेड यांनी १९१० ते १९१३ या काळात तीन अवाढव्य खंड लिहिले. गटिंगेनच्या डाव्हिड हिल्बर्टची श्रद्धा तर याहून प्रखर होती: गणिताची पद्धती निर्दोष आहे हे सिद्ध करता येईल, आणि कोणतेही विधान पुढे ठेवले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, याचा हमखास निवाडा करणारी रीत सापडेल. लायब्निट्सचे स्वप्न जणू हाताशी आले होते.

१९३१ मध्ये कूर्ट गडेल या पंचविशीतील तरुणाने दाखवून दिले की, अंकगणिताला पुरे पडेल अशा कोणत्याही सुसंगत नियमसंहितेत, सत्य असूनही तिच्या साधनांनी सिद्ध होणार नाहीत अशी विधाने शिल्लक राहतातच. निवाड्याच्या रीतीचा प्रश्न तेवढा उरला, आणि १९३६ मध्ये अमेरिकेत अलोन्झो चर्चने व इंग्लंडात ॲलन ट्युरिंगने स्वतंत्रपणे त्याचे उत्तर नकारार्थी दिले. परंतु अमुक एक रीत असूच शकत नाही हे सिद्ध करायचे, तर आधी ‘रीत’ म्हणजे नेमके काय हे सांगणे प्राप्त होते. वडिलांनी मद्रास इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या ट्युरिंग या चोवीस वर्षांच्या तरुणाने त्यासाठी एक काल्पनिक यंत्र रचले: चौकटी पाडलेली एक अमर्याद पट्टी, एका वेळी एक चौकट वाचून पुसणारे वा लिहिणारे शीर्ष, आणि कोणत्या अवस्थेत काय करावे याचा मर्यादित तक्ता. मग त्याने दाखवले की अशा यंत्राचा तक्ताच पट्टीवर लिहून दिला, तर एकच सार्वत्रिक यंत्र इतर सर्व यंत्रांचे काम करू शकते. आपण आज ज्याला संगणक म्हणतो त्याची कल्पना ती हीच. हिल्बर्टच्या सान्निध्यात काम केलेल्या आणि गडेलच्या सिद्धांताचे मर्म सर्वांआधी जाणणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन फोन नॉयमनने १९४५ च्या आपल्या अहवालात हुकूम आणि हिशेब एकाच स्मृतिसंग्रहात ठेवणाऱ्या विद्युत्-यंत्राची रचना मांडली, तेव्हा त्या कल्पनेला प्रत्यक्ष यंत्राचा आराखडा मिळाला.

कल्पनेला देह देण्याचे काम दुसऱ्याच बाजूने चालले होते. क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ मध्ये पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात दाखवले की टेलिफोन केंद्रातील विद्युत्-कळांच्या जोडण्या म्हणजे बूलचे बीजगणितच होय. दोन कळा एकापुढे एक जोडल्या तर दोन्ही मिटल्यावरच प्रवाह वाहतो, हा ‘आणि’. शेजारी शेजारी समांतर जोडल्या तर कोणतीही एक मिटली तरी पुरे, हा ‘किंवा’. जिन्याच्या खाली व वर एकेक बटण असलेला दिवा पाहावा: दोहोंपैकी नेमके एकच बटण वर असेल तेव्हा तो लागतो, अशी त्याची जोडणी करता येते. आता द्विमान पद्धतीतील बेरीज घ्यावी: शून्य आणि एक मिळून एक, परंतु एक आणि एक मिळून १०, म्हणजे एककस्थानी शून्य आणि हातचा एक. एककाचा अंक १ येतो तो दोहोंपैकी नेमका एकच अंक १ असेल तेव्हा, आणि हा जिन्यावरील दिव्याचाच नियम. हातचा येतो तो दोन्ही अंक १ असतील तेव्हा, आणि हा ‘आणि’चा नियम. बेरजेसारखी गणिती क्रिया अशा रीतीने दोन तार्किक विधानांत विरघळते, प्रत्येक स्थानासाठी तीच जोडणी मागचा हातचा घेऊन पुन्हा करता येते, आणि लायब्निट्सच्या दोन कल्पना अखेर एकमेकींना भेटतात.

त्यानंतर तर्काने यंत्राची साथ सोडली नाही. १९५६ मध्ये न्यूएल, सायमन व शॉ यांच्या प्रोग्रॅमने रसेल-व्हाइटहेडच्या ग्रंथातील एका प्रकरणाच्या पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ सिद्ध केले. १९७० मध्ये कॉडने माहितीच्या कोठारांची रचना तर्कशास्त्रातील संबंधांच्या आधारे मांडली. १९९४ मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारात सापडलेल्या चुकीपायी इंटेल कंपनीला ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागल्यानंतर, चिप घडवण्यापूर्वी तिची निर्दोषता गणिती पुराव्याने तपासण्याच्या पद्धतीला उद्योगात मानाचे स्थान मिळाले. ट्युरिंगने घातलेली सीमा मात्र जेथल्या तेथे आहे: कोणताही प्रोग्रॅम वाचून तो कधी थांबेल की चालतच राहील हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येणार नाही, मग यंत्राचा वेग कितीही वाढो.

दुसरी एक मर्यादा याहून जवळची आहे. आकारिक तर्क आधारविधानांतील सत्य निष्कर्षापर्यंत सुखरूप पोचवतो, परंतु आधारविधानेच खोटी असतील तर तितक्याच निष्ठेने तो त्यांच्यावरून पुढे चालत राहतो. त्यामुळे यंत्राचे उत्तर कितीही सफाईदार असले तरी त्याचा हेतू कोणता आणि त्याला अनुभवातील दाखला कोणता, हे नैयायिकांचे प्रश्न विचारण्याचे कर्तव्य माणसाकडेच राहते. आपल्या महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आजही आहे, आणि तेथे सत्यतासारणी मांडणारा विद्यार्थी व संगणकाच्या वर्गात मंडलांच्या आकृत्या काढणारा विद्यार्थी एकच गोष्ट शिकत असतात, हे त्या दोघांनाही क्वचितच कोणी सांगते. ते सांगितले गेले पाहिजे. कारण ज्या समाजाला आपला कारभार या यंत्रांच्या स्वाधीन करावयाचा आहे, त्याने ती यंत्रे ज्या शास्त्रातून निपजली त्या शास्त्राकडे पाठ फिरवणे हे केवळ कृतघ्नपणाचेच नव्हे, तर धोक्याचेही आहे.