रूल बदला, नाक बदला!

हिवाळ्यात शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला कधी गेलायत? नसाल, तर एका संडेची झोप मोडाच. हा पक्षी जागेवरून सरळ उडत नाही. आधी पाण्यातून धावत सुटतो, पंखांवरून पुरेशी हवा वाहू लागली की मगच वर उचलला जातो. आता हाच पंख उलटा करा आणि गाडीला लावा. हवा गाडीला उचलायच्या ऐवजी खाली दाबेल. झाली तुमची फॉर्म्युला वन कार!

म्हणजे इतकं सोपं नाही, पण फंडा हाच. या दाबाला म्हणतात डाउनफोर्स. जवळूनच निघणाऱ्या अटल सेतूवर आपल्याला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. या गाड्या सरळ रस्त्यावर तीनशेच्या पुढे जातात आणि वळणावरही रस्ता सोडत नाहीत, त्या डाउनफोर्समुळे.

मग गाडी दिसते कशी, हे कोण ठरवतं? डिझायनर? चूक. रूलबुक!

परळ-शिवडीचे टॉवर आठवा. एके काळी प्रत्येक खिडकीबाहेर फ्लॉवर बेड असायची. बिल्डरांना फुलांचं अचानक वेड लागलं होतं म्हणून नव्हे, ती जागा एफएसआयमध्ये मोजली जात नव्हती म्हणून. २०१२ मध्ये नियम बदलला आणि नव्या इमारतींतून फुलं गेली. फॉर्म्युला वनमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त तिथे एफएसआयच्या जागी हवा.

सुरुवात १९६८ची. गाड्यांवर उंच काठ्यांवर बसवलेल्या विंग आल्या. दिसायला विनोदी, पण वेग भन्नाट. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन गाड्यांच्या विंग मोडल्या आणि ग्रॅहम हिल, योखेन रिंट दोघेही आपटले. दोघं वाचले हे नशीब. पुढच्याच मोनॅको शर्यतीत, सराव सुरू झाल्यानंतर, त्या उंच विंगवर बंदी आली. एका रात्रीत गाडीचा लुकच बदलला.

आता आपल्या टीमकडे येऊ. फोर्स इंडियाला ‘आपली’ म्हणायचं की नाही यावर कँटीनमध्ये तेव्हाही वाद व्हायचे. कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला, शर्यतीचे ड्रायव्हर कायम परदेशी. विजय मल्ल्यांनी डच भागीदाराबरोबर २००७ मध्ये स्पायकर टीम घेतली, म्हणून नाव भारताचं. पण २००९ मध्ये गाडी केशरी-पांढऱ्या-हिरव्या रंगात आली आणि आमच्यासारख्यांनी वाद मिटवून टाकला.

त्याच वर्षी रूलबुक जवळपास नव्यानं लिहिलं गेलं. पुढची विंग १४०० मिलिमीटरवरून १८०० झाली, मागची १००० वरून ७५० आणि वर चढली. पुढून खराटा, मागून उभी फळी! सगळे म्हणाले, शी. पण नवा नियम म्हणजे सगळ्यांची पाटी कोरी. ३० ऑगस्टला बेल्जियमच्या स्पावर, जिथे कमी डाउनफोर्सची गाडी चालते, फोर्स इंडियाचा फिसिकेला पोलवरून सुटला आणि रायकोनेनच्या मागे सेकंदाहून कमी अंतरानं दुसरा आला. टीमचे हे पहिलेवहिले पॉइंट्स होते.

नाकातली दोन भोकं

खरी मजा मात्र नाकाची. इंजिनीअरला गाडीचं नाक उंच हवं असतं, कारण खालून जास्त हवा जाते. नियम करणाऱ्यांना ते खाली हवं, कारण टक्कर झाली तर उंच नाक दुसऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत पोचतं. २०१२ मध्ये नाक खाली आणायला सांगितलं, पण मागचा भाग उंच ठेवायची मुभा राहिली. बहुतेक गाड्यांच्या नाकावर पायरी आली. २०१४ मध्ये टोक आणखी खाली उतरवलं. टीमनी काय केलं? नियमापुरतं एक बोट खाली सोडलं, बाकी नाक वरच! फोर्स इंडियाही त्यात होती. जगभर थट्टा झाली.

मग ही पळवाट बुजवली गेली. त्यावर २०१५ च्या जुलैत, सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीला, फोर्स इंडियानं जी गाडी आणली तिच्या नाकाला चक्क दोन नाकपुड्या होत्या. नाक नियमाएवढं रुंद, पण आरपार भोकं. हवा तिथून आत शिरून गाडीखाली. डुकराचं नाक म्हणून हसले लोक. टीम त्या वर्षी पाचवी आली आणि पुढची दोन वर्षं चौथी. तेही मोठ्या टीमच्या मानानं किरकोळ बजेटमध्ये!

नियमांतून वाट काढणाऱ्या या टीमला पैशांतून मात्र वाट काढता आली नाही. जुलै २०१८ मध्ये ती प्रशासकांच्या ताब्यात गेली. आज तीच टीम ॲस्टन मार्टिन नावानं, हिरव्या रंगात धावते. सिल्व्हरस्टोनचा पत्ता तोच.

कुरूप दिसण्यावरून सर्वांत मोठा आरडाओरडा २०१८ मध्ये झाला, जेव्हा ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची कमान बसली. चपलेच्या पट्ट्यासारखी दिसते, असं मीही म्हणायचो. ग्रोजाँ हा ड्रायव्हरही आधी विरोधात होता. २०२० मध्ये बहारीनला त्याची गाडी लोखंडी कठडा फोडून पेटली. त्या आगीतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हेलोमुळे.

२०२२ मध्ये गाडीच्या तळातून डाउनफोर्स काढायची जुनी युक्ती परत आणली. हेतू हा की पुढच्या गाडीनं ढवळलेल्या हवेतही मागची जवळ राहावी. गाड्या गोलाकार, देखण्या झाल्या आणि सरळ रस्त्यावर चक्क उड्या मारायला लागल्या! ड्रायव्हरांच्या पाठी दुखल्या, तेव्हा पुढच्या वर्षी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलल्या.

२०२६ च्या नियमांत गाडीची रुंदी २००० वरून १९०० मिलिमीटर झाली आणि किमान वजन ७६८ किलोवर आलं. शिवाय पुढची आणि मागची, दोन्ही विंग धावता धावता आकार बदलतात. वळणावर उभ्या, सरळ रस्त्यावर आडव्या. फ्लेमिंगो हे पहिल्यापासून करतोय म्हणा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.