सूज उतरली, म्हणजे गुडघा बरा झाला?

जत्रेतल्या कुस्त्या किंवा कबड्डीचे सामने झाले, की आमच्या सरकारी रुग्णालयात लंगडणारी मुले येतात. पाय रोवलेला असताना शरीर वळले, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर ‘एसीएल’ हा गुडघ्याला स्थिर ठेवणारा अस्थिबंध फाटल्याची शक्यता मोठी.

सांगलीच्या स्मृती मानधनाला हीच दुखापत जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. शस्त्रक्रिया आणि नेमाने केलेले व्यायाम यानंतर जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने ९० धावा काढल्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव रचणारा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००८ मध्ये असाच जायबंदी झाला. त्याचा अख्खा हंगाम गेला. पुढे मात्र त्याने आणखी चार वेळा ‘सुपर बोल’ जिंकला.

आपली मुले फसतात ती सूज उतरल्यावर. अस्थिबंध एक्स-रेत दिसत नाही. ‘हाड शाबूत आहे’ म्हणून चोळून घेतात आणि पुढच्या महिन्यात मैदानात उतरतात. मग गुडघा निसटतो, आतली गादी फाटते आणि तिशी-पस्तिशीतच झीज सुरू होते.

म्हणून खेळ लगेच थांबवा. बर्फ लावा, चोळू नका. आठवड्याभरात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा; गरज पडल्यास ते एमआरआय सांगतील. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही, व्यायाम मात्र सर्वांनाच लागतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने द्या. स्मृती लवकर परतली ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तिची घाई नव्हे, तिची शिस्त उचला.