टिंबाएवढं वेल्डिंग

मुलांनो, हा लेख वाचायच्या आधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि स्टीलचा कानवाला कप किंवा दांडा असलेलं एखादं भांडं घेऊन या. आता कान जिथे कपाला चिकटलेला आहे तिथे नीट बघा. स्क्रू दिसतो? नाही. रिवेट? तीही नाही. दिसतात ते दोन-तीन छोटे गोल खळगे. टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडे मोठे. बस्स, त्या एवढ्याशा टिंबांनी तो कान वर्षानुवर्षं धरून ठेवलेला असतो!

या टिंबांना म्हणतात स्पॉट वेल्डिंग. आणि ते करणारं यंत्र म्हणजे स्पॉट वेल्डर. मोटारीच्या पत्र्याच्या सांगाड्यात अशी हजारो टिंबं असतात. पण माझी आणि त्याची ओळख झाली ती शाळेच्या स्पीकरमुळे.

आमच्या शाळेत परिपाठाला बॅटरीवर चालणारा स्पीकर आहे. सकाळी वीज नेमकी नसते, म्हणून बॅटरीवरचा. एके दिवशी प्रार्थना चालू असताना तो मध्येच गप्प झाला. उघडून पाहिलं, तर आत दोन सेल एकमेकांना चकचकीत पट्टीने जोडलेले. सेलवर लिहिलं होतं १८६५०. हा काही किमतीचा आकडा नव्हे बरं का! सेलची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून १८६५०. शेवटचं शून्य सांगतं की सेल नळकांड्यासारखा गोल आहे. हे लिथियम-आयन सेल. १९९१ साली ते पहिल्यांदा बाजारात आले. आज लॅपटॉप, टॉर्च, विजेवरच्या सायकली अशा कितीतरी ठिकाणी ते असतात.

एक सेल मेला होता. मी म्हटलं, त्यात काय एवढं? नवा सेल आणला, सोल्डरिंगची इस्त्री तापवली आणि दिला डाख. पट्टी चिकटायला वेळ लागत होता, म्हणून इस्त्री चांगली दाबून धरली. स्पीकर सुरू झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पंधरा दिवसांत आवाज पुन्हा मंदावला आणि चार्जिंगला लावलं की नवा सेल हाताला गरम लागू लागला. मी तो लगेच काढला आणि वर्गाबाहेर वाळूच्या बादलीत ठेवला.

चूक कुठे झाली? एक तर जुन्या सेलबरोबर नवा सेल जोडायचाच नसतो. आणि दुसरी चूक त्या इस्त्रीची. सेलच्या आत धन आणि ऋण भागांमध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. तो सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे टिकत नाही. सोल्डरिंगची इस्त्री असते तीनशे अंशांच्या पुढे! ती काही सेकंद टेकवून ठेवली, की उष्णता हळूहळू आत शिरते. पडदा वितळला, की आतल्या आत शॉर्ट सर्किट. असा सेल पेटूसुद्धा शकतो. माझं नशीब, की तो नुसताच तापला.

मग कारखान्यात हे सेल कसे जोडतात? तिथेच येतो आपला स्पॉट वेल्डर.

आधी थोडं गणित. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिलं, की तारेतून वीज गेली की तयार होणारी उष्णता तीन गोष्टींवर ठरते : धारा, रोध आणि वेळ. त्यातही धारेचा वर्ग घ्यायचा. म्हणजे धारा दुप्पट केली, तर उष्णता चौपट! आणि दहापट केली तर? शंभरपट. बरोबर!

स्पॉट वेल्डर याच गणिताचा फायदा घेतो. सेलवर निकेलची पातळ पट्टी ठेवायची. तिच्यावर तांब्याची दोन टोकं दाबून धरायची आणि काही मिलिसेकंदांसाठी शेकडो, कधीकधी हजारावर अँपिअरची धारा सोडायची. घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणजे विचार करा! पट्टी आणि सेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे रोध सगळ्यात जास्त असतो. म्हणून उष्णताही तिथेच उसळते. निकेल वितळतं १,४५५ अंशांना. तेवढी उष्णता त्या टिंबापुरती तयार होते, धातू एकमेकांत मिसळतात आणि लगेच थंडही होतात. हे सगळं होतं समजा पाच मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात. आपली पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. उष्णता आत पोहोचायच्या आधीच काम फत्ते! सेलला पत्तासुद्धा लागत नाही.

आहे की नाही गंमत? इस्त्री तीनशे अंशांची, तरी ती घातक. आणि स्पॉट वेल्डर दीड हजार अंशांचा, तरी तो चालतो. फरक फक्त वेळेचा आणि जागेचा.

ही युक्ती शोधून काढली एलिहू थॉमसन यांनी. ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका शाळेत शिक्षक होते. (शिक्षक म्हटल्यावर मला आनंद होणारच!) १८७७ च्या सुमारास विजेचे प्रयोग दाखवताना तारेची दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली होती. प्रयोग झाल्यावर पाहतात तर ती पक्की चिकटलेली! दुसरा कुणी ती ओढून वेगळी करून मोकळा झाला असता. थॉमसन यांनी विचारलं, ‘अशी का चिकटली?’ त्या प्रश्नातून पुढे विजेचं वेल्डिंग आलं आणि १८८६ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आता आपल्या स्पीकरकडे. प्रश्न होता, यंत्र घरी बनवायचं की विकत घ्यायचं?

आमच्या गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक काका आहेत. मी त्यांच्या दुकानात गेलो. मी कुठेतरी वाचलं होतं, की भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून स्पॉट वेल्डर बनवतात. त्याची बारीक तारेची दुसरी गुंडाळी काढून टाकायची आणि तिथे जाड केबलचे दोनच वेढे घालायचे. एका वेढ्याला साधारण एक व्होल्ट मिळतो. म्हणजे व्होल्टेज अगदी कमी आणि धारा मात्र प्रचंड. भंगारवाल्याकडे मी तसा ओव्हन बघूनही ठेवला होता!

काका म्हणाले, ‘‘गुरुजी, मी तीस वर्षं मोटारी बांधतोय. पण तो डबा मी उघडणार नाही आणि तुम्हीही उघडू नका.’’

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्या ट्रान्सफॉर्मरची मूळ दुसरी गुंडाळी दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज देते. शिवाय आत एक कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी तो वीज साठवून बसलेला असतो. असल्या ट्रान्सफॉर्मरशी खेळताना माणसं दगावली आहेत. म्हणून मुलांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मायक्रोवेव्ह ओव्हन कधीही, कुणीही सांगितलं तरी, उघडायचा नाही.

मग विकत काय मिळतं ते पाहिलं. एक प्रकार घरच्या २३० व्होल्टवर चालणारा, तयार पेटीतला. काम छान करतो, पण किंमत काही हजारांत. आणि आमच्याकडे विजेचा दाब कधी कमी, कधी जास्त. दाब बदलला की टिंबही बदलतं. दुसऱ्या प्रकारात मोठे कपॅसिटर आधी भरून घेतात आणि एकदम रिकामे करतात. तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्त. तळहाताएवढी एक पाटी. तिला मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी जोडायची. पाटीवर मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ओळीने बसवलेले असतात. ते काही मिलिसेकंद उघडतात आणि बंद होतात. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. म्हणून आम्ही हीच घेतली. म्हणजे थोडं विकत आणि थोडं घरी. बॅटरी काकांच्या ट्रॅक्टरची!

सेलवर प्रयोग करायच्या आधी काकांनी पत्र्याच्या डब्याचं रिकामं झाकण पुढे ठेवलं. ‘‘आधी याच्यावर हात बसवा,’’ म्हणाले. दोघांनीही बोटातल्या अंगठ्या, हातातली घड्याळं काढून ठेवली. कारण धातूची अंगठी मध्ये आली तर ती क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मे चढवले. आणि कामाला सोपं पडावं म्हणून मी तारा चांगल्या दीड मीटर लांब केल्या.

पहिलं टिंब झकास पडलं. दुसरं, तिसरंही. चौथ्या वेळी ‘टक्’ असा आवाज यायच्या ऐवजी पट्टी लालबुंद झाली आणि लालच राहिली! धारा थांबतच नव्हती. मी नुसता बघत राहिलो.

‘‘गुरुजी, हात उचला!’’ काका ओरडले.

मी टोकं उचलली आणि काकांनी बॅटरीचा चिमटा ओढला. झाकणाला भोक पडलं होतं. त्या जागी सेल असता तर? पुढचं मी लिहीत नाही.

असं का झालं? लांब तारांमुळे. तारेतून मोठी धारा जाताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. स्विच एकदम बंद झाला, की ते क्षेत्र धारा चालू ठेवायला बघतं. धावत्या बैलगाडीला एकदम थांबवलं की आतली माणसं पुढे फेकली जातात ना, तसंच! त्या धक्क्याने क्षणभर व्होल्टेज उसळतं. तार जितकी लांब, तितकी उसळी मोठी. त्या उसळीने मॉसफेट जळाले आणि जळताना कायमचे चालू होऊन बसले. दोष पाटीचा नव्हता, माझ्या सोयीचा होता.

दुसरी पाटी आणली. तारा आखूड आणि जाड ठेवल्या. झाकणावर पन्नास टिंबं मारून झाल्यावरच नवे, एकाच जातीचे दोन सेल हातात घेतले.

आता पट्टीची गंमत सांगतो. बाजारात निकेलची पट्टी म्हणून पुष्कळदा निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी मिळते. ती गंजते आणि तिचा रोधही जास्त असतो. ओळखायची कशी? मी लोहचुंबक लावला. चिकटली! म्हटलं, पोलादीच आहे. काका हसले. कारण निकेलसुद्धा चुंबकाला चिकटतं! मग खरी परीक्षा कोणती? पट्टीच्या तुकड्यावर ओरखडा काढायचा आणि तो मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवायचा. ओरखड्यात तांबूस गंज आला, तर पट्टी पोलादी. आमच्या पहिल्या पट्टीला दुसऱ्याच दिवशी गंज आला!

शेवटी टिंबाची परीक्षा. झाकणावरची पट्टी पकडीने ओढायची. ती अलगद सुटून आली, तर टिंब कच्चं. पट्टी फाटली आणि टिंब झाकणालाच चिकटून राहिलं, तर पक्कं. इथे फाटणं म्हणजे पास होणं!

सेलच्या धन टोकाला कागदी चकती लावली, कारण सेलचं बाकीचं सगळं कवच ऋण असतं. मग आठ टिंबं मारली, सेलचं रक्षण करणारी मूळची छोटी पाटी पुन्हा जोडली आणि स्पीकर बंद केला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला प्रार्थना शेवटपर्यंत ऐकू आली. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण मागे उभे असलेले काका मात्र गालातल्या गालात हसत होते.

करून पाहा

१. घरातल्या भांड्यांवर, कपाटावर, सायकलच्या कॅरिअरवर स्पॉट वेल्डिंगची टिंबं शोधा. कोण जास्त शोधतो ते पाहू!

२. एक लोखंडी खिळा आणि एक स्टीलचा जुना चमचा मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. गंज कशावर येतो, ते लिहून ठेवा.

३. लिथियमचा सेल मात्र उघडू नका, तापवू नका, त्याला डाख देऊ नका. फुगलेला किंवा गरम होणारा सेल दिसला तर हात न लावता आधी मोठ्या माणसांना सांगा. आणि ते ‘हात उचल’ म्हणाले, तर ‘का’ हे नंतर विचारा!