एका मतदाराला चार मतं कशासाठी? वर्गातल्या खेळातून समजून घ्या

कल्याण-डोंबिवलीत १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी मतदान झालं. त्याआधीचं मतदान होतं १ नोव्हेंबर २०१५ चं. आज सहावीत असलेली मुलं तेव्हा जेमतेम चालायला शिकत होती. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. शहरी स्थानिक शासन संस्थांचा धडा सहावीच्या नागरिकशास्त्रात आहे, पण या मुलांना नगरसेवक दिसले ते बॅनरवर, तेही 'माजी' लावलेले.

त्यात नियमही बदलला. २०१५ ला एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून यायचा. आता बहुतेक प्रभागांत चार जागा आहेत आणि मतदाराला चार मतं. ठाण्यात ही पद्धत २०१७ लाच आली होती. फळ्यावर हे समजावताना दमछाक होते. खेळात मात्र एक-दोन तासिकांत जमतं.

कसं खेळायचं?

अख्खा वर्ग म्हणजे एक प्रभाग. अ, ब, क, ड असे चार खोके आणि पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, निळ्या चिठ्ठ्या. खऱ्या मतपत्रिकाही याच फिक्या रंगांच्या असतात. दोन जागा मुलींसाठी राखीव. प्रत्येकाने चारही खोक्यांत एकेक चिठ्ठी टाकायची, कोणीच पसंत नसेल तर 'नोटा'. आवडत्या मित्राला चारही मतं देता येत नाहीत, हे इथेच कळतं.

बऱ्याच शाळांमधली निवडणूक बोटाला शाई, मोबाइलचं ईव्हीएम आणि ग्रुपवर फोटो इथेच संपते. खरी गंमत त्यानंतर आहे. समजा, शाळेच्या गेटसमोर गटार तुंबलंय. तक्रार कोणाकडे न्यायची? चौघेही अख्ख्या प्रभागाचे. 'त्याला विचार' म्हणत चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तर मुलांना धावू द्यावं.

मग निधी म्हणून १०० चिंचोके द्यायचे: गटार, पथदिवे की बाग? एकदा एकाच नगरसेवकाने वाटायचे, एकदा चौघांनी मिळून. एकटा असला की चुकलं कोणाचं ते लगेच समजतं. चौघे असले की भांडणात तास जातो, पण मागच्या बाकाचं म्हणणंही पुढे येतं. यातलं बरं काय, यावर शेवटची दहा मिनिटं बोलायला हवीत. ती कापली तर उरतो फक्त दंगा.

चिन्हं मात्र खऱ्या पक्षांची नकोत. पेन्सिल, डबा, वडापाव चालेल. आणि घरचा अभ्यास: आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांची नावं आईबाबांना विचारून आणायची. त्यांनाही बहुधा मोबाइल काढावा लागेल.