सोलचा हिंवाळा

थंडीच्या दिवसांत परमुलखीं निघालेला प्रवासी प्रथम आपल्या डगल्याची काळजी करतो. मीही केली. गेल्या जानेवारींत दक्षिण कोरियाच्या राजधानीस, सोल शहरास, जाण्याचा योग आला तेव्हां लोकरी डगला, कानटोपी आणि हातमोजे यांच्या जमवाजमवींत माझा आठवडा गेला. तेथें पोंचल्यावर मात्र कळून आलें कीं, या शहराचा हिंवाळा ज्याला ओळखावयाचा असेल त्यानें अंगावरच्या वस्त्रांपेक्षां पायांखालच्या जमिनीकडे अधिक लक्ष द्यावें. आज आपणांपुढें बोलावयाचें तें मुख्यतः या जमिनीविषयीं.

पण आधीं थंडीचें कारण सांगितलें पाहिजे. नकाशा उघडून पाहिला तर सोल आपल्या श्रीनगरच्या उत्तरेस अवघें साडेतीन अंश. स्पेनमधील सेव्हिल जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, आणि तेथें रस्त्यांच्या कडेला संत्र्यांचीं झाडें आहेत! मग सोलचें जानेवारींतील सरासरी उष्णतामान शून्याखालीं दोन अंश कां असावें? कारण सैबेरिया. हिंवाळ्यांत त्या अफाट प्रदेशावर थंड व जड हवा सांचते, आणि तेथून सुटणारे वायव्येचे वारे कोरियावर येऊन आदळतात. आपल्याला परिचित असलेला मोसमी वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो. हा वारा जमिनीवरून येतो, म्हणून कोरडा. त्यामुळें सोलमध्यें कडाका पुष्कळ, पण बर्फ त्या मानानें थोडें. ३१ डिसेंबर १९२७ रोजीं तेथें पारा शून्याखालीं २३.१ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. तीन दिवस कडाका आणि चार दिवस उतार, असें तेथील जुनी म्हण सांगते. प्रवाशानें तिच्यावर फार विसंबूं नये. माझ्या वांट्याला पांचही दिवस कडाक्याचेच आले.

शहराच्या मधून वाहणारी हान नदी गोठली कीं नाहीं, याची नोंद १९०६ पासून ठेवली जाते. राजांच्या अमदानींत नदीवरचें बर्फ कापून उन्हाळ्यासाठीं कोठारांत सांठवीत. तीं कोठारें गेलीं, पण पूर्वेचें आणि पश्चिमेचें बर्फकोठार या अर्थाचीं नांवें दोन वस्त्यांना अजून आहेत. रस्त्यांवर भाजलेलीं रताळीं मिळतात, आणि होत्तोक नांवाची, आंत काळसर साखरेचें सारण भरून तव्यावर तेलांत भाजलेली जाड पोळीही मिळते. संक्रांत तोंडावर आलेली, तेव्हां मला गुळपोळीची आठवण झाली. घाई करणाऱ्याची जीभ दोन्ही सारख्याच भाजतात.

आतां जमिनीकडे वळूं. उत्तरेकडच्या दोन जुन्या राजवाड्यांच्या मध्यें बुकचोन नांवाची वस्ती आहे. तेथील एका कौलारू घरांत मी उतरलों होतों. जोडे दारांत काढावयाचे, ही रीत आपल्या ओळखीची. पण आंत पहिलें पाऊल टाकतांच मी चमकलों. जमीन कोमट होती. शेगडी कोठें दिसेना, भिंतींत आगटी नाहीं. सारी ऊब तळव्यांतून वर चढत होती. बसणें, जेवणें, निजणें, सर्व त्या जमिनीवर.

या रचनेला ओन्दोल म्हणतात. जुनी रीत अशी: स्वयंपाकघराची जमीन खोलीच्या जमिनीहून खालच्या पातळीवर असे. तेथल्या चुलीचा जाळ आणि धूर वर जाऊं न देतां आडव्या बोळांतून खोलीच्या खालून नेत. बोळांवर सपाट दगड, दगडांवर मातीचा गिलावा, आणि त्यावर तेल पाजलेला जाड कागद. धूर पलीकडे धुरांड्यांतून बाहेर पडे. एकाच सरपणावर भात शिजे आणि दगड तापत. दगड सावकाश निवतो, म्हणून संध्याकाळच्या स्वयंपाकाची ऊब पहांटेपर्यंत पुरे. आपल्या जुन्या घरांतील न्हाणीच्या बंबाची अर्धी आंच धुरांड्यावाटे वायां जाई, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या युक्तीचें मोल सांगावयास नको. चुलीजवळची जागा सर्वांत गरम. ती घरांतील वडील माणसांची आणि पाहुण्यांची.

याच जमिनीमुळें कोरियन लोकांची एक आवड उलगडते. बर्फासारख्या गार रश्शांत बुडविलेल्या शेवया हें मुळांत हिंवाळ्याचें खाणें आहे. पाठीखालीं तापलेली जमीन असली म्हणजे पोटांत गारवा हवासा वाटतो.

क्योंगबोक राजवाडा १३९५ मध्यें प्रथम उभा राहिला, १५९२ च्या आक्रमणांत जळाला, आणि १८६७ मध्यें पुन्हां बांधून झाला. बहुतेक पाहुणे तेथील सिंहासनाची इमारत पाहून परततात. मी म्हणेन, मागें राणीच्या महालाकडे जावें. त्या महालाखालचा धूर जमिनीतून नेऊन पाठीमागच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेंत सोडलेला आहे, आणि तेथें षट्कोनी आकाराचीं विटांचीं चार धुरांडीं उभीं आहेत. त्यांवर फुलें, पक्षी, प्राणी कोरलेले! महाल १९१७ नंतर उतरवून त्याचें लांकूड दुसऱ्या, आगींत जळालेल्या राजवाड्यासाठीं नेलें; आजचा महाल अलीकडचा आहे. धुरांडीं मात्र जुनींच आहेत.

ही ऊब नेहमींच निर्धोक नव्हती. १९५०-५३ च्या युद्धानंतर उघड्या पडलेल्या डोंगरांवरील झाडें वांचविणें निकडीचें झालें, तेव्हां शहरांतील चुलींत लांकडाऐवजीं कोळशाच्या गोल, भोकें पाडलेल्या वड्या आल्या. स्वस्त आणि रात्रभर धगधगणाऱ्या. पण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. जमिनीला बारीकशी चीर पडली तरी तो खोलींत शिरे, आणि निजलेलीं माणसें उठत नसत. सकाळीं कोणी अर्धवट शुद्धींत सांपडलें, तर त्याला मुरलेल्या मुळ्याचें आंबट पाणी पाजीत. दुसरा इलाज हाताशीं नसे. पुढें जमिनीखालीं गरम पाण्याच्या नळ्या आल्या, आणि आज उंच इमारतींतील घरेंही त्यांवरच ऊबदार राहतात. टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांतून मात्र अगदीं अलीकडच्या हिंवाळ्यांपर्यंत त्या काळ्या वड्या, स्वयंसेवकांच्या रांगेंतून हातोहात, वर चढत होत्या.

माझ्या खोलीची एक खिडकी रोज रात्रीं बोटभर उघडी राही. मी ती लावून घेई. सकाळीं ती पुन्हां उघडी. चौथ्या दिवशीं मीं थोड्या कुरकुरीनेंच कारण विचारलें. घरच्या आजीबाई कांहींतरी बोलल्या, आणि त्यांच्या नातीनें इंग्रजींत सांगितलें: आजी शाळेंत होती त्या वर्षीं तिची थोरली बहीण याच घरांत, निजल्या जागीं गेली. घरांत नळ्या येऊन चाळीस वर्षें झालीं, कोळसा कोणी जाळीत नाहीं, पण आजी झोंपण्यापूर्वीं प्रत्येक खिडकी पाहून येते.

त्या रात्रीं बाहेर शून्याखालीं बारा अंश होते. मीं अंथरूण भिंतीपासून थोडें आंत ओढलें, आणि खिडकी तशीच राहूं दिली.